घडीची सायकल, दोन पिशव्या आणि खानापूरची वाट: पहिल्या मुक्कामी सफरीसाठी

खानापूर स्टेशनात गाडी फार वेळ थांबत नाही. डब्यातून उतरायचं, खांद्यावरची पिशवी सावरायची, मिटलेली सायकल फलाटावर टेकवायची आणि गाडी हलायच्या आत बाजूला व्हायचं. मग घाई नाही. बिजागरी उघडायची, खटका बसवायचा, हँडल उभं करायचं, सीटची दांडी खुणेपर्यंत वर ओढायची. चहा सांगितला तर तो हातात येईपर्यंत सायकल उभी राहिलेली असते. बेळगावात घरी नाश्ता करून निघालेला माणूस दहाच्या आत नंदगडच्या रस्त्याला लागतो, आणि शहराबाहेर पडतानाची रहदारी, धूळ, ट्रक यांतलं काहीही त्याच्या वाट्याला आलेलं नसतं.

घडीच्या सायकलवर फिरायचं असेल तर आखणीची सुरुवात इथून करा. मोठ्या चाकाची सायकल जिथं जाते तिथं ही जाते, फक्त हळू. पण ही मिटते. त्यामुळं जाऊन येऊन एकाच रस्त्यावर पाय मोडायची गरज उरत नाही. चांगला तुकडा सायकलवर करायचा, कंटाळवाणा किंवा धोक्याचा तुकडा रेल्वेत नाहीतर बसमध्ये काढायचा. नव्यानं सुरुवात करणारे पुष्कळ जण घडीची सायकल घेतात आणि आखणी मात्र साध्या सायकलची करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी चढावर दमून सायकलला दोष देतात. आपल्या बेळगाव-खानापूर भागात रेल्वेमार्ग, दोन राज्यांच्या बस आणि दर चार-पाच किलोमीटरवर गाव असताना असं करणं मला खरोखर वाईट वाटतं.

सायकल आधी नीट पाहून घ्या

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक घडीच्या सायकलींना २० इंची चाक असतं. मुक्कामी सफरीला हेच घ्या. १६ इंची चाकाची सायकल घडीत लहान होते, पण तिचं टायर-ट्यूब खानापुरात किंवा वाटेवरच्या बीडी गावात मिळेल या भरवशावर राहता येणार नाही. २० इंचीतही दोन मापं आहेत. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात ४०६ असेल तर उत्तम. लहान मुलांच्या अनेक २० इंची सायकलींची ट्यूब त्यात चालून जाते आणि ती तालुक्याच्या गावी मिळते. ४५१ असेल तर टायर-ट्यूब घरूनच न्यायची.

हवा भरायचं तोंडही आत्ताच पाहून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते. बारीक, टोकाला फिरकी असलेला वॉल्व असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवा. तो सुपारीएवढा असतो, म्हणून दोन ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष बिजागरीवर. फ्रेमच्या मध्यावर एक आणि हँडलच्या बुडाशी एक, असे दोन खटके असतात. खटका पूर्ण बसला की त्याच्या कडेपासून फ्रेमवर पांढऱ्या रंगानं एक बारीक रेघ ओढा. रस्त्यात उतरलात की नजर टाकायची. रेघ जुळते का? नाही जुळली तर पुढं जायचं नाही. खटका दाबताना हाताला थोडा जोर लागलाच पाहिजे. बोटानं सहज बसत असेल तर तो ढिला झालाय, त्याचा नट अर्ध्या फेऱ्यानं आवळा. सीटच्या दांडीवरही एक रेघ असते, ती बाहेर दिसेल इतकी दांडी वर ओढायची नाही. तुमच्या उंचीची खूण चिकटपट्टीनं करून ठेवा, म्हणजे दर वेळी अंदाज घ्यायला नको.

गिअरचा हिशेबही सांगतो, कारण दुकानात तो कुणी सांगत नाही. अशा सायकलींना पुढं एकच चेनव्हील असतं, बहुधा ४८ ते ५२ दात्यांचं, आणि मागं सात चकत्या. पुढं ४८, मागं सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची धरली तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.६ मीटर जाते. रिकामी असताना ठीक आहे. दहा-बारा किलो सामान लादून जांबोटीच्या बाजूचा चढ चढायचा म्हटलं तर हे जड पडतं. पुढचं चेनव्हील ४२ दात्यांचं बसवलं की तेच अंतर २.३ मीटरवर येतं आणि गुडघे वाचतात. सपाटीवर वेग थोडा कमी मिळेल, मिळू दे. पहिल्या सफरीला ताशी १२ ते १५ किलोमीटर वेग धरा आणि दिवसाला ४० किलोमीटरच्या वर जाऊ नका.

आणखी एक. सायकलच्या पुस्तिकेत किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. बऱ्याच सायकलींना ते १०० किलोच्या आसपास असतं आणि त्यात तुम्ही आणि सामान दोन्ही आलं. तुमचं वजन ८५ असेल तर सामानाला जागा किती उरते ते घरीच मोजा.

दोन हातांचा हिशेब

सामान बांधताना सायकलवर किती मावेल हा प्रश्न विचारू नका. फलाटावर काय उचलता येईल ते विचारा. एका हातात मिटलेली सायकल, म्हणजे १२ ते १४ किलो. दुसऱ्या खांद्यावर एक पिशवी. पाठीवर किंवा छातीवर एक छोटी. बस, संपलं. तिसरी पिशवी आली की ती फलाटावर मागं राहते आणि गाडी सुटते.

मी पहिल्यांदा कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या मोठ्या पिशव्या घेतल्या होत्या. घडीच्या सायकलला मागचं चाक पॅडलच्या फार जवळ असतं. दर फेऱ्याला टाच पिशवीवर आदळायची. दोरीनं पिशव्या मागं ओढून बांधल्या, तर सगळा भार मागच्या आसाच्या पाठीमागं गेला आणि चढावर पुढचं चाक हलकं होऊन डुलायला लागलं. तेव्हापासून मी एकच लांबट पिशवी कॅरिअरवर आडवी न ठेवता उभी, सीटच्या दांडीला टेकवून बांधतो. तंबू आणि अंथरूण तिच्यात. पाणी, हत्यारं, खाणं अशा जड वस्तू पुढच्या छोट्या पिशवीत. पण ही पुढची पिशवी हँडलला अडकवायची नाही, कारण हँडलची दांडी लांब असते आणि सगळा झोल तिच्या बुडाच्या बिजागरीवर येतो. अनेक सायकलींना फ्रेमच्या तोंडावरच पिशवीसाठी भोकं दिलेली असतात, तिथं ती बसवा.

तंबू निवडताना एवढंच पाहा की तो खुंट्यांशिवाय उभा राहतो का. आपल्या पश्चिमेकडच्या गावांत जमिनीखाली जांभा असतो, खुंटी चार बोटं गेली की टण्ण वाजते. आणि निम्म्या वेळा मुक्काम देवळाच्या फरशीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात होतो, तिथं खुंटी ठोकायची कुठं? स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा, दोन किलोच्या आतला तंबू पुरतो. खाली अंथरायला तंबूच्या मापाची ताडपत्री. थंडीत रात्री पारा खाली येतो आणि खानापूर तालुक्यात दव एवढं पडतं की पहाटे तंबूतून बाहेर हात काढला तर ओला होतो. पातळ रजईऐवजी बरी उबदार झोपण्याची पिशवी घ्या, नाहीतर घोंगडं. घोंगडं जड असतं, पण ओलं झालं तरी ऊब देतं.

हत्यारांत १५ नंबरचा पाना विसरू नका. घडीच्या बऱ्याच सायकलींची चाकं नटांवर असतात आणि हा पाना नसला तर पंक्चर काढायला चाकच निघत नाही. ॲलन की (षटकोनी तोंडाच्या चाव्या) ४, ५, ६ नंबरच्या. दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, ब्रेकची एक केबल, तेलाची छोटी बाटली आणि जुन्या बनियनचा तुकडा. या तुकड्याचं काम पुढं येईल.

आधी राजहंसगड, मग खानापूर

सगळं सामान लादून एक दिवस येळ्ळूरला जाऊन या. शहापूर-वडगावच्या शिवारातून रस्ता जातो. सुगीच्या दिवसांत इथल्या वासाच्या भाताचा घमघमाट रस्त्यावर येतो. येळ्ळूरच्या पुढं राजहंसगडाचा चढ आहे. तो सायकल हातात धरून चढलात तरी चालेल, पण चढताना काय हलतं, काय घासतं, कुठली पट्टी सुटते, ते सगळं कळतं. उतरताना ब्रेक पाहा. लहान चाकाची रिम लहान, तिच्यात धातू कमी, म्हणून लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला तर ती मोठ्या चाकापेक्षा लवकर तापते. ब्रेक दाबा, सोडा, दाबा, सोडा. मधे थांबून रिमजवळ हात न्या, धग लागत असेल तर पाच मिनिटं बसा. याच कारणासाठी गोव्याकडं उतरणारा चोर्ला घाट पहिल्या सफरीला नको म्हणतो. कणकुंबीपर्यंतचं जंगल आणि तिथला मलप्रभेचा उगम मनात भरतो हे खरं, पण त्या रस्त्याला अवजड वाहनं फार आणि खाली उतरलेला घाट परत चढून यायचा असतो.

घरी आल्यावर दहा वेळा सायकल मिटा आणि उघडा. एक मिनिटाच्या आत, पिशव्या काढण्यासकट, जमेपर्यंत.

वाट कशी आखायची

आपल्या भागाच्या नद्या पाहा. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, तिन्ही पश्चिमेच्या डोंगरात उगवतात आणि पूर्वेला जातात. जमीन त्यांच्यासोबत उतरते. म्हणून रेल्वेनं किंवा बसनं पश्चिमेला जायचं आणि सायकलनं पूर्वेकडं यायचं. चढउतार असतातच, तरी एकूण हिशेब आपल्या बाजूचा राहतो.

पहिल्या सफरीसाठी मी हीच वाट सुचवतो: बेळगाव ते खानापूर रेल्वेनं, खानापुराहून नंदगड आणि पुढं हलशी, पहिला मुक्काम, दुसऱ्या दिवशी हलशीहून परत नंदगड, मग बीडी, मग कित्तूर. कित्तूर पुणे-बेंगळूरू हमरस्त्याला लागून आहे. तिथं सायकल मिटवायची आणि बसनं बेळगाव. पहिल्या दिवशी २० किलोमीटरच्या आसपास, दुसऱ्या दिवशी ३० ते ३५. कमी वाटतं? पहिल्याच दिवशी तंबू लावायला, जागा विचारायला, सामान लावायला किती वेळ जातो ते कळलं की हेच पुष्कळ वाटेल. शिवाय या वाटेवर थांबायला कारणं आहेत. कित्तूरच्या चन्नम्मा राणीचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी नंदगडात २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिलं, त्याची समाधी तिथं आहे. हलशी कदंब राजांची दुसरी राजधानी होती. तिथलं भूवराह नरसिंहाचं मंदिर बाराव्या शतकातलं आहे आणि त्याला समोरासमोर तोंड केलेले दोन गाभारे आहेत. दुपारच्या उन्हात मंडपातल्या दगडावर बसलं की पायांची आग निवते. कित्तूरला चन्नम्मा राणीच्या वाड्याचे अवशेष आणि शेजारी संग्रहालय आहे. १८२४ साली इथंच तिची इंग्रजांशी पहिली लढाई झाली.

ही वाट मला दुसऱ्या एका गोष्टीसाठी आवडते. खानापुरात मराठी, नंदगडात दोन्ही, बीडीच्या पुढं कानडी. माती लाल असते ती तांबूस होते, मग काळी. भाताच्या खाचरांच्या जागी जोंधळा आणि कापूस येतो. दोन दिवसांत एवढं सगळं बदलताना दिसण्यासाठी सायकलचाच वेग लागतो.

दिवस कुठले धरावेत? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पश्चिमेला जळवा आणि पूर्वेला काळी माती. ओली काळी माती लहान चाकाला अशी चिकटते की मडगार्डात गच्च बसून चाकच फिरेनासं होतं. मार्चनंतर ऊन. काही तारखा टाळा. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी भाषकांचा काळा दिवस, त्या दिवशी बेळगावात वाहतुकीचा भरवसा धरू नये. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा शहरात रस्ते वळवतात. ऑक्टोबरात २३ ते २५ कित्तूर उत्सव. पाहायला जा, मुक्कामाला नको. सीमेवरून वातावरण तापलं तर दोन्ही राज्यांच्या बस सीमेपाशी थांबतात. चंदगड किंवा कोल्हापूरकडून परतायचं असेल तर रेल्वेची दुसरी सोय मनात ठेवा.

रस्त्यावर दोन गोष्टींना जपा. गावाच्या तोंडाशी खूण न केलेले हंप असतात. २० इंची चाक खड्ड्यात आणि हंपवर मोठ्या चाकापेक्षा जास्त आपटतं, म्हणून हात सैल ठेवा आणि सीटवरून थोडं उठा. दुसरी गोष्ट ऊस. हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळी कारखान्याकडं निघतात. मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, टेपवर गाणी मोठ्यानं. ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी रस्ता सोडा. यात मी कधीच तडजोड करत नाही.

रात्रीची जागा

नवा माणूस तंबू म्हटलं की जंगल डोळ्यासमोर आणतो. खानापूर तालुक्याच्या जंगलात तंबू ठोकू नका. भीमगड अभयारण्य आहे, त्याच्या बाहेरही राखीव वन आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं राहता येत नाही. शिवाय अस्वल आहे, गवा आहे, दांडेलीकडून हत्तीही येतात. अस्वलानं जखमी केलेला माणूस या भागातल्या बऱ्याच गावांना माहीत असतो. गावातच राहा.

चार-साडेचारला गाव गाठा. आधी देवळाकडं जा. सायकल टेकवा, चप्पल काढा, दर्शन घ्या, मग कट्ट्यावर बसलेल्या वयस्क माणसांजवळ जा. लगेच जागा मागू नका. पाणी मागा. बाकीचं तेच विचारतात.

"कुठनं आलासा?"

"बेळगावातनं. खानापूरपर्यंत रेल्वेनं, पुढं सायकलनं."

"ह्या एवढ्याशा सायकलनं?"

इथं सायकल मिटवून दाखवा. पोरं गोळा होतात, कुणीतरी उचलून बघतो, कुणी किंमत विचारतो. मला आजवर घडीच्या सायकलचा सगळ्यात मोठा उपयोग हाच झाला आहे. अनोळखी माणसाबद्दलची शंका त्या दोन मिनिटांत निघून जाते. मग सांगा, "आज रात्री हितं देवळाच्या ओवरीत नाहीतर शाळेच्या पटांगणात तंबू लावला तर चालंल काय? सकाळी सातला निघतो." नाव, गाव, काय करता, ते न विचारता सांगा. आधारकार्ड दाखवायची तयारी ठेवा. पंचांपैकी कुणाला तरी विचारून या असं म्हणाले तर जाऊन या. ते टाळण्यासाठी म्हणत नसतात, गावात रीत आहे.

देवळात राहायचं ठरलं तर गुरवाला किंवा पुजाऱ्याला विचारल्याशिवाय पिशवी आत ठेवू नका. हलशीच्या भूवराह मंदिरासारख्या जुन्या संरक्षित वास्तूत मुक्काम करायचा नसतो. गावात दुसरं देऊळ असतं, शाळा असते. पूर्वेकडच्या कानडी गावांत मठ असेल तर तिथं विचारा. मठात बहुधा जेवणही मिळतं. आपण बसून जेवावं, ताट स्वतः धुवावं आणि दानपेटीत मनापासून काही घालावं.

शेतात राहायची वेळ आली तर मालकाला विचारून. भात कापल्यावरची खाचरं सपाट दिसतात म्हणून मी एकदा खालच्या खाचरात तंबू लावला. रात्री तिथं थंडी साचली आणि सकाळी ताडपत्रीखाली ओल झिरपली होती. दहा पावलांवरचं खळं उंच होतं, कोरडं होतं, शेणानं सारवलेलं होतं. मालकाला विचारलं असतं तर त्यानंच ते दाखवलं असतं. कापलेल्या भाताच्या खुंटांत पाय जपून टाका, उंदरांच्या मागं साप येतात. बॅटरीशिवाय रात्री उठायचं नाही, बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही. पिंजराच्या व्हळीजवळ, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या गंजीजवळ, काडी ओढू नका. एका ठिणगीत त्या घरच्या गुरांचा वर्षाचा चारा जातो.

रात्री सायकल मिटवून तंबूत, पायांशी. कुलूप, साखळी, जागरण काही नको.

बायका एकट्यानं निघत असतील तर त्यांना मी एकच वेगळी गोष्ट सांगतो: कट्ट्याकडं न जाता आधी घराकडं जा. अंगणात भांडी घासणाऱ्या मावशीला किंवा आशा ताईला विचारा. माझ्या ओळखीच्या ज्या मुली या भागात फिरल्या त्यांना बहुतेक ठिकाणी तंबू उघडूच दिला नाही, माजघरात अंथरूण घालून दिलं.

जेवणाचं

रेल्वेत गॅसची टाकी, स्टोव्ह, रॉकेल, स्पिरिट न्यायला बंदी आहे. त्यामुळं आपल्या आखणीत स्वयंपाक बसत नाही, आणि त्यानं अडतही नाही. बेळगावात ज्वारीची कडक भाकरी विकत मिळते, पापडासारखी पातळ आणि वाळलेली. आठवडाभर काही होत नाही. डब्यात आडवी ठेवा, तुटली तरी चालते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, चार कांदे. सकाळी पोहे-चहा गावातल्या हॉटेलात, दुपारी मोठ्या गावात जेवण, रात्री भाकरी-चटणी. कुणी जेवायला बोलावलं तर जा. मागच्या वर्षी एका आजीनं नाचणीची भाकरी, आळवाची भाजी आणि ताकाचा तांब्या समोर ठेवला होता, आणि मी पैसे काढल्यावर "सायकलीला तेल घाल त्याचं" म्हणाली. पैशाऐवजी तिथल्या पोरांसाठी वह्या-पेन्सिली नेणं बरं, आता मी त्या नेतो.

पाणी दोन लिटर जवळ हवंच. बऱ्याच गावांत नाणं टाकून शुद्ध पाणी मिळणारं केंद्र असतं, त्यावर पाटी कानडीत असते पण निळ्या टाक्या आणि घागरींची रांग दिसली की कळतं. चालू नसेल तर घरातून उकळलेलं मागा.

थोडं कानडी

बीडीच्या पुढं मराठी समजतं पण सगळीकडं नाही. चार वाक्यं पाठ करा आणि शेवटी "री" लावायला विसरू नका. आपल्या "अहो"सारखा मान त्यात असतो. "नीर बेकित्त्री", पाणी हवं होतं. "कित्तूरिगे दारि यावदुरी?", कित्तूरची वाट कुठली? "एष्टु दूर ऐत्री?", किती लांब आहे? "इवत्तु रात्रि इल्लि मलगबहुदेन्री?", आज रात्री इथं झोपलं तर चालेल का? उच्चार चुकला तरी हसून दुरुस्त करतात आणि लगेच मराठीत बोलायला लागतात. बसवरच्या पाट्या कानडीत असतात, म्हणून निघायच्या आधी कानडी आकडे आणि "बेळगावी" हा शब्द वाचायला शिका. एका संध्याकाळचं काम आहे.

गाडीत आणि बसमध्ये

रेल्वेत सोबत नेण्याच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर असं ठरलेलं आहे. घडी केलेली २० इंची सायकल लांबी-उंचीत साधारण बसते, जाडीत पुढं जाते. म्हणून ती कापडी पिशवीत घाला, चेन कुणाच्या कपड्याला लागणार नाही अशी, आणि दाराची वाट न अडवता आसनाच्या बाजूला उभी ठेवा. तिकीट तपासनीसानं विचारलं तर उघडून दाखवा आणि लगेजचे पैसे सांगितले तर भरा. सणाच्या गर्दीत, रविवारी संध्याकाळी जनरल डब्यात चढायचा प्रयत्न करू नका.

बसमध्ये कंडक्टरला आधी विचारावं. "अण्णा, घडीची सायकल आहे, मागं ठेवू का?" एवढं बोलून मग चढा. लगेजचं तिकीट मागितलं तर घ्या. हमरस्त्यावरच्या काही गाड्यांना खाली डिकी असते. तिथं सायकल आडवी ठेवताना गिअरची बाजू वर.

अडचण आली तर पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, दोन्ही नंबर इथं चालतात. जंगलाच्या बाजूला फोनला रेंज जाते, म्हणून आजचा मुक्काम कुठं हे घरी सकाळीच सांगून ठेवा.

ही वाट जमली की पुढच्या खेपेला घटप्रभेपर्यंत रेल्वेनं जा आणि गोकाकचा धबधबा, तिथला झुलता पूल, गोडचिनमलकी असं फिरा. तिसऱ्या खेपेला उचगाव-शिनोळीवरून सीमा ओलांडून चंदगडकडं. तो रस्ता चढउताराचा आहे, पण काजूच्या बागांतून जातो आणि तोवर पायांना सवय झालेली असते.

घरी आल्यावर

आल्या रात्री झोपू नका, आधी सायकल पुसा. लाल माती पिठासारखी बारीक असते. ती चेनमधल्या तेलात मिसळून लेप होते आणि चकत्या झिजवते. बनियनच्या तुकड्यानं चेन बोटाच्या चिमटीत धरून पॅडल उलटं फिरवा, कापड लाल निघायचं थांबेपर्यंत, मग एकेका सांध्याला एक थेंब तेल. बिजागरीतही माती बसते, तिथं ब्रश मारा आणि खटक्याची रेघ पुन्हा पाहा. तंबू दुसऱ्या दिवशी गच्चीवर उलटा करून वाळवा. दव सुकल्याशिवाय गुंडाळला तर आठवड्यात बुरशी धरते. झटकताना त्यातून पिंजराच्या काड्या पडतील, त्या कुंडीत टाका.